नवीन महाबळेश्वरच्या नकाशात आमची बुडालेली गावं दाखवा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ
(विशेष नियोजन प्राधिकरण, नवीन महाबळेश्वर)

विषय : कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखालच्या गावांबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या चार तालुक्यांतली सुरुवातीला २३५ गावं धरून नवीन महाबळेश्वर नावाचं गिरिस्थान उभं करायचं काम सरकारनं तुमच्याकडे सोपवलं. गावांची यादी मी वरपासून खालपर्यंत वाचली. आमचं गाव तिच्यात नाही. असायचं कारणही नाही म्हणा. साठ वर्षांपूर्वी ते पाण्याखाली गेलं, आणि बुडालेल्या गावाचं कसलं आलंय नियोजन? तरी हे पत्र लिहितोय, कारण तुमच्या योजनेचं सगळं भांडवल त्या गावांच्या डोक्यावर उभं आहे. उद्या ज्या निळ्याशार पाण्याकडे तोंड करून बंगल्यांच्या गॅलऱ्या निघतील, त्या पाण्याच्या तळाशी आमची भातखाचरं आहेत.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाचं लिहिलं की पलीकडच्या काठावरचा विचारणार, मग आमचं काय? आणि त्याचं बरोबरच आहे.

कोयनेचा इतिहास तुमच्या फायलीत असेलच, पण तो बहुतेक धरणापासून सुरू होत असेल. १९५४ च्या सुमारास काम निघालं, साठचं दशक उजाडताना पाणी चढायला लागलं. आज धरणाची साठवण १०५ टीएमसी. त्यातलं मोठं पाणी पश्चिमेला वळवून बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरांवर सोडतात. तिथून ते वाशिष्ठीत आणि वाशिष्ठीतून समुद्रात जातं. साडेएकोणीसशे मेगावॅटच्या वर वीज. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात तिला, आम्हीही शाळेत तेच घोकलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, तेही पुस्तकात होतं. कोयना, सोळशी आणि कांदाटीच्या खोऱ्यांतून हजारो कुटुंबं उठली, ती कुठे गेली, हे मात्र पुस्तकात नव्हतं. ते घरीच कळलं.

आजी सांगायची, ट्रक आला तेव्हा आधी दावणीची गुरं चढवली, मग घराची मोडलेली लाकडं, मग माणसं. तुळया आणि खांब पाडून बरोबर घेतले होते, कारण जिथे जायचं तिथे झाड आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आजोबांनी देवाचे टाक पंचात बांधून छातीशी धरले. भैरवनाथाचा दगड उचलायला पुजारी तयार होईना. देव कसा हलवायचा म्हणे. शेवटी चार जणांनी मिळून हलवला. आज सांगली जिल्ह्यातल्या माळावर पत्र्याखाली जो बसलाय तो तोच देव. ज्या मुलखात पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसायचा नाही, तिथून उठवून आमच्या लोकांना अशा ठिकाणी नेलं की जिथे पाऊस पडला तर बातमी व्हायची. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या हातांना ज्वारी शिकावी लागली. पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजनांतून कोयनेचं पाणी त्या दुष्काळी पट्ट्यात उपसून आणलं. म्हणजे आमची नदी आमच्या मागोमाग आली, पण काही दशकांनी, आणि पाणीपट्टी लावून. काही कुटुंबं सोलापूरकडे गेली, काही रायगड आणि ठाण्याला. एका गावाचे असे तीन-चार जिल्ह्यांत तुकडे झाले. भावकी तुटली की लग्नाच्या याद्या बदलतात, खांदा द्यायला माणसं पुरत नाहीत. असलं नुकसान कुठल्या रकान्यात भरायचं?

महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा केला १९७६ साली. तोवर कोयनेचं धरण भरून दीड दशक होत आलं होतं. सरकारचं म्हणणं, कोयनेच्या लोकांना पुढे मागाहून का होईना द्यायचा प्रयत्न झाला. झालाही. पण किती कुटुंबांचं संकलन (कुणाचं काय गेलं, काय मिळालं याची सरकारी नोंद) अजून पुरं नाही, किती जणांना मिळालेली जमीन आधीच दुसऱ्याच्या कब्जात होती, किती नव्या गावठाणांना आजही नागरी सुविधांसाठी अर्ज करावे लागतात, हे जिल्हा पुनर्वसन शाखेच्या बाकावर एक दिवस बसलं तरी दिसतं. म्हणून तर डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाच्या मागे लोक कोयनानगरला ठिय्या देऊन बसले. ज्यांच्यासाठी बसले त्यांतले बरेच आता हयात नाहीत. प्रकल्पग्रस्ताचा दाखला नातवाच्या नावावर करता येतो, आजोबांनी वाट पाहिलेली वर्षं कुणाच्या नावावर करायची?

आणि दाखला मिळाला तो ज्यांचा सातबारा होता त्यांना. गावच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बौद्ध वस्तीतल्या कितीतरी घरांकडे लिहून दाखवण्याजोगी जमीनच नव्हती. राबणं होतं, बलुतं होतं, ओढ्याकाठचं एखादं पट्टं होतं. माथ्यावरच्या गवळी धनगरांची चराई तर कागदावर कधी आलीच नाही. गाव बुडालं तेव्हा तेही बुडाले, पण जमिनीच्या बदल्यात जमीन मागायला त्यांच्या हातात काही नव्हतं. आमच्यातले कुणबी-मराठे धरणग्रस्त म्हणून मोर्चे काढतात तेव्हा ही मंडळी रांगेत मागे उभी असतात, हे मी आमच्याच लोकांना ऐकवतो आणि त्याबद्दल शिव्याही खातो.

आता मुद्द्याचं.

मे महिन्यात पाणी ओसरतं. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी तर खूपच आत जातं. तेव्हा आमची माणसं बामणोलीला किंवा तापोळ्याला येतात, ओळखीची लाँच ठरवतात आणि गाव बघायला जातात. कोण सांगलीहून, कोण कोपरखैरण्याहून. चिखल वाळून त्याला ढेकळांच्या भेगा पडलेल्या असतात. त्यात काळी ठुटकी उभी असतात, ती आंब्या-जांभळाची. घरांची जोती दिसतात. एखाद्या जोत्यात रोवलेलं उखळ अजून जागच्या जागी असतं, आत गाळ भरलेला. म्हातारी माणसं तिथे पोचली की आधी गप्प होतात आणि मग एकदम भांडायला लागतात. हे आपलं नाही, आपलं पलीकडलं. अरे, विहिरीच्या उजव्या अंगाला होतं आपलं. विहीर ही नव्हे, ती खालची. माझ्या मोठ्या चुलत्यांनी तर खिशातून मोजपट्टी काढून ओसरी मोजली होती, आणि आकडा बरोबर निघाल्यावर कुणाकडेही न बघता ती पुन्हा खिशात घातली होती. नारळ फोडायचा, हळद-कुंकू वाहायचं, भाकरी खायची आणि ऊन चढायच्या आत परतायचं. सोबत कुणी असेल तर चार पोरं फोटो काढतात. बास, एवढंच असतं ते. धरणाला धोका नाही, वाघाला त्रास नाही.

तुमची योजना पुरी झाली की या जाण्याचं काय होणार, हा माझा प्रश्न आहे. मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालंच आहे. पूल होतायत, रस्ते रुंद होतायत. तिकीट येईल, वेळा ठरतील, गणवेशातला कुणीतरी येऊन सांगेल की इथे उतरायला मनाई आहे. कास पठारावर फुलं बघायला तिकीट लागतं, ते ठीक आहे, फुलं वाचली पाहिजेत. पण आजीच्या जोत्यावर नारळ फोडायला तिकीट काढायची वेळ आली तर आम्ही आमच्या गावाला फक्त पर्यटक म्हणून जाऊ शकतो, असा त्याचा अर्थ होईल. आणि तिकीट काढूनही ते गाव होतं हे तिथल्या फलकावर नसेल, तर पोरांना काय दाखवायचं? व्ह्यू पॉइंट?

हे फक्त आमच्याच नशिबी आलं असं मी म्हणत नाही, म्हणूनच काळजी वाटते. सरदार सरोवराच्या पायथ्याशी केवडिया, कोठी, वागडिया, लिमडी, नवागाम, गोरा या गावांतल्या तडवी आदिवासींच्या जमिनी साठच्या दशकात धरणाच्या वसाहतीसाठी म्हणून घेतल्या. धरण पुढे हलवलं, जमिनी सरकारकडेच राहिल्या, आणि आता तिथे एकतानगर आहे. १८२ मीटरचा पुतळा, बागा, तंबूंची हॉटेलं. वरच्या अंगाला आपल्या नंदुरबारची अक्कलकुवा-धडगावकडची ३३ आदिवासी गावं त्याच धरणात गेली. मणिबेलीला शूलपाणेश्वराचं देऊळ १९९४ मध्ये बुडालं. तिथल्या वसावे आणि पावरा मंडळींना मी भेटलोय. तळोद्याकडच्या वसाहतीतला एक म्हातारा मला विचारत होता, तुमच्याकडे पाणी उतरतं का? आमच्याकडे हल्ली उतरत नाही. २०१७ ला दरवाजे बंद झाल्यापासून पातळी वरच असते. आमचं पाणी उतरतं याचा त्याला हेवा वाटला. आम्ही दोघेही गरीब, दोघेही उठवलेले, आणि त्यातही तो माझ्याकडे नशीबवान म्हणून बघत होता. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

त्याहून जुनं मुळशीचं. १९२१ साली सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला, कारण टाटांच्या विजेसाठी त्यांची भाताची खोरी बुडत होती. लढा हरला. आज मुळशीच्या पाण्याकाठी शनिवार-रविवारी खोली मिळत नाही. शेजारच्या खोऱ्यात वरसगावच्या पाण्यावर लवासाचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आधी खोरं बुडवायचं, मग पन्नास-साठ वर्षं थांबायचं, आणि मग त्या पाण्याचं सौंदर्य विकायचं. कुणी बसून असा कट केला असं मला वाटत नाही. पण दर वेळी तसंच घडत असेल तर कट नसल्याचा आम्हाला उपयोग काय?

आणखी दूरचं एक उदाहरण देतो. ते इथे ओढून आणलं असं काहींना वाटेल, पण मला ते डोक्यातून काढता येत नाही. जेरुसलेमच्या पश्चिमेला इमवास, यालू आणि बैत नुबा अशी तीन पॅलेस्टिनी गावं होती. १९६७ च्या जूनमधल्या युद्धात तिथल्या लोकांना हाकलून गावं पाडली. नंतर तिथे कॅनडातून आलेल्या देणग्यांवर झाडं लावून उद्यान केलं. त्याचं नावच कॅनडा पार्क. लोक सहलीला येतात, शेगड्या पेटवतात. गावची माणसंही येतात आणि झाडांत आपल्या घराचे दगड शोधतात. इस्रायलच्या उत्तरेला इक्रित म्हणून गाव होतं. १९४८ साली लष्करानं लोकांना सांगितलं, दोन आठवड्यांसाठी जा. १९५१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं परत येण्याचा त्यांचा हक्क मान्य केला, आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी लष्करानं गाव उडवून दिलं. चर्च आणि दफनभूमी उरली. सत्तरच्या दशकापासून इक्रितच्या माणसांना मेल्यावर गावात पुरायची मुभा आहे. जिवंतपणी राहायची नाही.

आमच्यावर कुणी बंदूक रोखली नाही. आम्हाला नोटीस आली, मोबदला ठरला, गॅझेटात छापून आलं. सरकार आमचंच, आम्हीच निवडून दिलेलं. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून मला गळा काढायचा नाही. पण इमवासचा म्हातारा झाडांत दगड शोधतो आणि माझे चुलते चिखलात ओसरी मोजतात, तेव्हा दोघांनाही एकच गोष्ट सिद्ध करायची असते : इथे आमचं घर होतं. सीमा ओलांडून आलेल्याला जगात निर्वासित म्हणून काही कागद तरी मिळतो. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ च्या डिसेंबरातच पॅलेस्टिनींच्या परतीचा हक्क ठरावात लिहिला. पाळला कुणी नाही, पण लिहिला. राष्ट्रहितासाठी उठलेल्याच्या परतीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, कारण तो गेलाच कुठे, देशातच तर आहे.

हे लिहिताना मी नवी मुंबईत बसलोय. माझे वडील माथाडी कामगार होते. जावळी-पाटणची निम्मी तरणी पोरं तशीच मुंबईच्या बाजारात पाठीवर गोणी घेऊन जगली, आणि माथाडींच्या वसाहतीत आम्हाला घर मिळालं. ते घर ज्या जमिनीवर आहे ती कुणाची? आगरी-कोळ्यांची. १९७० पासून सिडकोसाठी ९५ गावांची भातशेतं आणि मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत उरणला दि. बा. पाटलांच्या मागे लोक उतरले, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीची तरतूद त्या लढ्यातून निघाली. म्हणजे आम्ही एका खोऱ्यातून उठलो आणि दुसऱ्या उठवलेल्यांच्या शेतात येऊन वसलो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी आगरी मावशी सुकट विकायला बसते. तिची पाटी बरोबर तिच्या खारजमिनीच्या बांधावर असते, असं ती सांगते. तिथे आता पदपथ आहे. मी धरणग्रस्त आहे कळल्यापासून ती मला मापात वरून मूठभर जास्त टाकते.

तर मागणं काय?

पर्यटन नको असं माझं म्हणणं नाही. खोऱ्यात जे उरलेत त्यांना रोजगार हवाच. कांदाटी खोऱ्यातल्या पोरीबाळींना दवाखान्यासाठी लाँचची वाट बघायला लागू नये, म्हणून पूल झाले तर मी पेढे वाटीन. पण काठावरच्या जमिनी कुणाच्या हातात जातायत ते बघा. २०२४ मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावची शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी विकत घेतल्याच्या आरोपांचं प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजलं, आणि वर राहिलेल्यांच्या मनात भीती बसली आहे. याच लोकांनी आधी धरण सोसलं, मग १९८५ ला अभयारण्य, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. दर वेळी त्यांना सांगितलं, इथे खिळा ठोकायला परवानगी लागेल. आता त्याच डोंगरावर रिसॉर्टला परवानगी मिळाली तर ते काय समजतील? आराखडा मंजूर करण्याआधी कोयनेचं संकलन पुरं झाल्याची यादी गावोगाव वाचून दाखवा, सातबारा नसलेल्यांसकट. ते तुमचं खातं नाही असं उत्तर येईल. मग ज्यांचं आहे त्यांना शेजारी बसवा. सरकार एकच आहे ना?

आणि नकाशा. जलाशय नुसता निळा रंगवू नका. त्याखाली प्रत्येक गाव, प्रत्येक वाडी, बौद्ध वस्ती, धनगरवाडा, गावदेवाची जागा आणि मसणवट नावानिशी दाखवा. जुने गावनकाशे भूमिअभिलेख कार्यालयात असतात, काढून घ्या. पाणी उतरल्यावर बुडालेल्या गावच्या माणसांना कुठल्याही शुल्काशिवाय, कुठल्याही परवान्याशिवाय आपल्या जागेवर जाता येईल, असं एक कलम नियमावलीत घाला. त्यासाठी ओळखपत्र मागू नका. मागितलंत तर ज्यांचं संकलनच झालेलं नाही ते पुन्हा दारात उभे राहतील.

हे काम कागदावरून होणारं नाही, कारण गावनकाशात शेतांचे गट असतात, माणसांची घरं नसतात. कुणाचं घर कुठे होतं हे सांगणारी माणसं अजून आहेत, पण जे तेव्हा दहा वर्षांचे होते ते आता पंचाहत्तरी पार करतायत. दर वर्षी चार-दोन कमी होतात. येत्या मे महिन्यात तुमचा सर्वेअर आणि एक लाँच द्या. माणसं आम्ही गोळा करतो, सांगलीची, सोलापूरची, रायगडची, कोपरखैरण्याची. भाकरी आमच्याकडची. जून लागायच्या आत व्हायला हवं, कारण पहिला मोठा पाऊस झाला की बामणोलीच्या खालची गावं आठ-दहा दिवसांत परत पाण्यात जातात, आणि मग सर्वेअरला बघायला काही उरत नाही.

तारीख कळवावी, ही विनंती.

कळावे,

आपला,
कोयना धरणग्रस्त कुटुंबातला एक, तिसरी पिढी